न वळता दिलेली भाकरी

१

भाकरी करताना भामा कधी मागे वळत नसे. तांदळाची भाकरी ती, नजर हलली की करपलीच. तिच्या घरात शेगडी जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून. पाठीमागे मागच्या दाराचा उंबरा, आणि उंबऱ्यापलीकडे चिखल, तिवरं, खाडी. घरातला पुरुष जेवायला बसायचा तो त्या उंबऱ्याशी, वाऱ्याला. आधी नवरा बसायचा. तो गेल्यावर मुलगा शैलेश बसू लागला. कालवणाचं ताट आधीच तिथे मांडलेलं असायचं. भाकरी फुगली की भामा ती उचलायची आणि खांद्यावरून हात मागे करायची. मागून हात यायचा, भाकरी घ्यायचा. हिचा हात परत परातीत. बोलणं नाही, बघणं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून हे असंच.

गणपती गेल्यानंतरच्या एका संध्याकाळीही असंच झालं होतं. बाहेर रिपरिप चालू होती. मागे पाऊल वाजलं, ताट सरकलं. भामा म्हणाली, एवढा उशीर का रे? उत्तर आलं नाही, पण शैलेशकडून उत्तर यायची तिला सवयच नव्हती. तिने भाकरी मागे केली. हाताने घेतली. मग आणखी एक, मग आणखी. त्या दिवशी भूक फार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की गंगाबाईची रंजिता रात्रभर घरी आलीच नाही.

गंगाबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून शेजारीण. पनवेलच्या मासळी बाजारातही दोघींच्या पाट्या शेजारी. एकीचं गिऱ्हाईक फिरलं तर दुसरीने हाक मारायची, आणि दोघींनी मिळून घासाघीस करणाऱ्या बायांची टिंगल करायची. गंगाबाईचा एक ठरलेला विनोद होता. माज्या घरी मांजर टिकत नाय, म्हणायची. माजी रंजिता काटासुदा ठेवत नाय, कडाकडा चावून खाते. मांजरानं जगावा कशावर?

ही रंजिता द्रोणागिरीच्या एका गोदामात माल बांधायच्या कामाला जात होती. शैलेश तिकडेच ट्रेलर चालवायचा. कधीमधी तिला मोटरसायकलवरून घरी सोडायचा. त्या संध्याकाळी जेट्टीच्या रस्त्याला ती त्याच्या मागे बसलेली कोणीतरी पाहिली, आणि पोलिसांनी शैलेशला उचललं.

भामा पोलीस ठाण्यात गेली ती पायात चपलाही न घालता. चौथी पास बाई, पण तोंड असं की खुर्चीतले लोक उभे राहिले. तिने टेबलावर हात आपटून सांगितलं की दिवे लागायच्या वेळेपासून माझा पोरगा माझ्या पाठीशी बसून जेवत होता. माझ्या हातची भाकरी त्याने घेतली. आईच्या हाताला पोराचा हात कळत नाही का? साहेबांनी लिहून घेतलं. शैलेश सुटला.

त्या दिवसापासून गंगाबाईने बाजारात पाटी फिरवली. जागा तीच, पण भामाकडे पाठ.

२

थंडीत सिनेमावाले आले.

भामाचा दीर काळूराम हा असल्या कामात पुढे. गावात कोणाला खोली हवी, कोणाला होडी हवी, काळूराम आहेच. त्याने भामाचं घर दाखवलं आणि दिग्दर्शक बाईला ते बघताक्षणी आवडलं. तिचं नाव आभा. केस आखूड, आवाज मऊ, आणि हवं ते मिळेपर्यंत न थकणारी. सिनेमा एका डिटेक्टिव्हचा होता, डोक्यावर परिणाम झाला म्हणून पोलीस खात्यातून काढून टाकलेला. तो खुन्याला पकडतो ते ताटावरून. संशयिताच्या घरी जायचं, त्यांच्याबरोबर जेवायला बसायचं आणि जेवण झाल्यावर सगळ्यांची उष्टी ताटं बघायची. माणूस तोंडाने खोटं बोलतो, ताटात नाही, असं त्याचं म्हणणं. भामाने हे ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे भांडी घासणारी बाईच की.

आभा खूप हसली. बरोबर उभा असलेला माणूस हसला नाही. तो डिटेक्टिव्हचं काम करणारा स्वानंद. उंच, खांदे पाडून चालणारा. घरात शिरला तेव्हा इतरांसारखं छपराकडे, भिंतींकडे त्याने पाहिलं नाही. सरळ मागच्या उंबऱ्याशी गेला आणि उभा राहिला. मग थोडा बाजूला सरकला, कोणाला वाट द्यावी तसा.

भामाने घर दिलं, कारण तिला घरात माणसं हवी होती. पोलिसांनी प्रकरण पुन्हा वर काढलं होतं. गंगाबाई रोज त्यांच्या दारात जाऊन बसत होती, पाऊस म्हणाली नाही, ऊन म्हणाली नाही, आणि शेवटी तिला बघून बघून कोणीतरी वैतागला असावा. येत्या सोमवारी भामाला कोर्टात मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे जबाब द्यायचा होता. वकिलाने बजावलं होतं, सगळं तुमच्यावर आहे. तुम्ही ठाम राहिलात तर मुलगा घरी, डगमगलात तर आत. भामा ठाम होतीच. तरी आताशा संध्याकाळ झाली की तिला मागच्या दाराची कडी लावून घ्यावीशी वाटे. भाकरी ती सकाळीच करून ठेवू लागली होती. कोणी विचारलं तर सांगे, गुडघे दुखतात.

३

सिनेमातली आई करणाऱ्या नटीला भाकरी थापता येईना. पीठ तिच्या बोटांना चिकटून बसलं. तेव्हा आभाने भामाला बसवलं. फक्त हात घेऊ, म्हणाली. मग भामाने सवयीने पहिली भाकरी उचलून खांद्यावरून मागे केली, आणि आभाचे डोळे चमकले. हेच पाहिजे, मावशी. अगदी असंच. मागे न बघता.

भामाला वाटलं, हिला कोणी सांगितलं? पण कोणी सांगायला कशाला हवं. काळूरामने चहाबरोबर सगळ्या युनिटला तिच्या घरची गोष्ट वाढली होती.

उंबऱ्याशी ताट मांडलं. ताटात तळलेली बोय मासळी, कारण ताटात काटे उरलेले दिसायला हवे होते. मुलाचं काम करणारा नट तिथे बसणार होता. दिवे लागले, सगळ्यांचे डोळे शेगडीवर, उंबरा दिव्यांआड. खोली तापली. वरून विमान गेलं, तेव्हा कानाला यंत्र लावलेल्या आवाजवाल्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. हल्ली सारखी विमानं. मग गप्प. इतकं गप्प की तव्यावरचं पाणी चुरचुरलेलं ऐकू आलं.

भामाने भाकरी उलटली. फुगली. उचलली. हात मागे केला.

घेतली.

दुसरी थापली. हात मागे. घेतली. आभा हळूच म्हणाली, छान, चालू ठेवा. मागे काहीतरी कडकड वाजत होतं, बारीक, थांबून थांबून.  भामाची मान थोडी वळली असेल. मग तिने ती परत तव्याकडे आणली, कारण भाकरी करपत होती.

कट, असं आभा म्हणाली आणि लोक हालले. तेवढ्यात पुढच्या दारातून मुलाचं काम करणारा नट आत आला. तोंडाला पावडर, गळ्यात रुमाल. म्हणाला, सॉरी, मेकअपला वेळ लागला, बसू का आता?

 मग एकजण म्हणाला, अरे मग भाकरी कोणी घेतली? दुसरा म्हणाला, सेटवाल्यांपैकी कोणीतरी. सेटवाले म्हणाले, आम्ही तर बाहेर. आभाने पडद्यावर शॉट परत लावला. भामाही बघायला गेली. चित्रात तिचा हात भाकरी घेऊन मागे जातो, मनगटापाशी चित्र संपतं, आणि रिकामा हात परत येतो. बस. तेवढंच. आभाला शॉट फार आवडला होता, ती एवढंच म्हणाली, जो कोणी होता त्याने टायमिंग भारी साधलं.

आवाजवाला मात्र चिडला होता. शॉट चालू असताना कोणीतरी मचमच खात होतं, त्याच्या कानात सगळं येत होतं. खाणं सोडा, हाडं फोडल्यासारखं काहीतरी फोडत होतं.

ताट रिकामं होतं. मांजर, असं सगळे म्हणाले आणि हसले. भामाही हसली. मग तिने ताट उचललं. बोय गेली होती. डोकं गेलं होतं, शेपटी गेली होती. एक काटा नव्हता.

मांजर हातातून भाकरी घेत नाही, हे तिला त्याच वेळी कळत होतं. पण कळणं आणि मानणं यांच्यात भामाने आजवर बरंच अंतर ठेवलं होतं.

४

दुपारी ती ओट्यावर आली तर स्वानंद एकटा बसला होता, मांडीवर गोळ्यांची पाकिटं. सिनेमातही तो गोळ्या खायचा. भामाने विचारलं, ह्या खऱ्या का खोट्या?

"निम्म्या खऱ्या, मावशी," तो म्हणाला. "कुठल्या निम्म्या ते आभालाही माहीत नाही."

मग त्याने साधेपणाने सांगितलं. डोक्याच्या दवाखान्यात तो बरेच दिवस होता. नसलेलं दिसायचं, नसलेलं ऐकू यायचं. आता बरा आहे, पण एक नियम पाळतो. खोलीत काहीही वाटलं तरी आपण पहिलं बोलायचं नाही. आधी दुसऱ्यांची तोंडं बघायची. ती घाबरली तर ते खरं, नाहीतर आपलं.

"मंग आज काय दिसला तुला?" भामाने विचारलं. तिला वाटलं होतं, येड्याला हसून घालवावं. आवाज तसा निघाला नाही.

"मागे मी बघितलंच नाही. मी तुमच्याकडे बघत होतो. तुमची मान इथपर्यंत आली होती." त्याने स्वतःची मान वळवून दाखवली. "पुढे अजून इतकीशी वळली असती तर दिसलं असतं. तुम्ही ती परत नेलीत."

"भाकरी करपत होती."

"नव्हती करपत, मावशी."

भामाला संताप आला. तिने त्याला आईवरून एक शिवी दिली, मग पोरगा आजारी आहे हे आठवून दुसरी गिळली. उठून आत निघाली तर तो मागून म्हणाला, अगदी हळू, सिनेमातलं वाक्य पाठ करत असावा तसं, "त्या दिवशीचं ताट कोणी घासलं होतं?"

"मी. दुसरा कोन घासनार?"

"काटे होते?"

भामा आत गेली. मोरीवर उभी राहिली. नळ सोडला, बंद केला. गणपतीनंतरच्या त्या संध्याकाळी तिने भिंग केलं होतं. भिंग ही मासळी म्हणजे केसासारखे काटे. मोठमोठे खाणारे ताटाच्या कडेला ढीग लावतात. शैलेश तर लहानपणी घशात अडकलेल्या एका काट्यापासून असा भ्यायलेला, की प्रत्येक घास चिवडून चिवडून काटे ओळीने मांडायचा. त्या रात्री तिने ताट मोरीत ठेवलं आणि खरवडायला राखेत हात घातला, तेव्हा खरवडायला काहीच नव्हतं. ताट पुसून घेतल्यासारखं. तिने पाणी ओतलं आणि पालथं घातलं.

तिला ते तेव्हाच दिसलं होतं. ठाण्यात टेबलावर हात आपटतानाही ते ताट तिच्या डोळ्यांपुढे होतं.

५

रविवारी सकाळी शैलेश तिच्यासाठी गुडघ्याचं मलम घेऊन आला. तसा तो प्रेमळ. बापामागे त्याने कधी दारू प्यायली नाही, कधी आवाज चढवला नाही. पाड्यावरच्या बाया आपल्या पोरांना त्याचा दाखला द्यायच्या. तो तिच्यापुढे उकिडवा बसला आणि तिच्या गुडघ्याला मलम चोळू लागला. भामा सुकट निवडत होती. तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं. दोरखंडासारखी जाड, गरम, कोरडी बोटं.

"आये," तो म्हणाला, "उद्या तुला आत नेतील, मंग मला पन विचारतील. त्या दिवशी काय केलेलास गं जेवाला?"

सुकटीत भामाचा हात थांबला. घरात घड्याळाचा आवाज होता, तो एकदम मोठा झाला.

जो जेवला तो का विचारेल?

विसरला असेल, तिने स्वतःला सांगितलं. पुरुष माणूस, कोण लक्षात ठेवतं. मग तिची जीभ तिला न विचारता बोलली.

"कोलबी. बटाटा घालून."

शैलेशच्या तोंडावर हलकं हसू आलं. "हां. कोलबी. आटवला आता. झनझनीत झालेली. रस्सा मी दोनदा घेतलेला."

तो चोळत राहिला. चांगलं चोळत होता. दुखतं तिथे बरोबर अंगठा दाबत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "तू घाबरू नको. तुजा आवाज मोटा हाय. तोच आपला वकील."

भामाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ते तिच्याच मुलाचे डोळे होते, लहानपणापासून तसेच, शांत. त्यात राग नव्हता, भीती नव्हती, रंजिता नव्हती. तिने इतकी वर्षं ज्याला चांगुलपणा समजलं ते नुसतं रिकामं असेल तर कसं दिसेल, असं तिच्या मनात आलं. अगदी असंच दिसेल.

६

संध्याकाळी शैलेश काळूरामकडे गेला. सिनेमावाले सामान आवरून गेले होते. घर मोकळं झालं होतं आणि घामाचा, रंगाचा वास मागे राहिला होता.

भामाने मागच्या दाराला आतून कडी लावली. ओढून पाहिली. पुढचं दारही लावलं. मग तिने बोय तळली, ताट वाढलं आणि उंबऱ्याशी, बंद दाराला लागून मांडलं. स्वतःला शिव्या देत होती. घरात कोणी नाही हे तिला सिद्ध करायचं होतं. कोणी नसलं की शैलेश विसरभोळा आहे, ताट तेव्हा मांजराने चाटलं होतं, आणि उद्या ती ठाम. एवढंच हवं होतं तिला. देवाकडे तिने याहून लहान काही कधी मागितलं नव्हतं.

शेगडी पेटवली. भाकरी थापली. तव्यावर टाकली. वरून विमान गेलं, भांडी थरथरली, मग शांत.

भाकरी फुगली. तिने हात मागे केला आणि तसाच धरून ठेवला. कढत वाफ बोटांना लागत होती. कोणी घेत नव्हतं. बघ, ती स्वतःला म्हणाली. बघ, येडे.

ताट सरकलं.

पत्रा लादीवर घासल्याचा तो आवाज तिने उभ्या जन्मात हजारदा ऐकला होता. मग भाकरीचं वजन हातातून गेलं, आणि जाताना बोटं तिच्या बोटांना लागली. गार. ओली. दिवसभर पाण्यात हात असला की कातडी सुरकुतते तशी. आणि बारीक. बांगड्यांच्या मापाचा हात तो.

त्या रात्रीही ती बोटं अशीच होती. पावसातून आलाय, असं तिने म्हणून घेतलं होतं. शेगडीच्या धगीने आपले हात पोळलेत म्हणून दुसऱ्याचे गार लागतात, असंही. किती भराभर सापडली होती तिला कारणं.

मागे कडकड सुरू झाली. काटा मोडल्याचा आवाज. मग चावणं. मग पुन्हा.

"कोन हाय?" भामाने तव्याला विचारलं.

चावणं थांबलं. ऐकत असावं. खाडीच्या चिखलाचा वास खोलीत भरला. भामाच्या घशात एक नाव आलं होतं, ते तिने ओठांपर्यंत येऊ दिलं नाही. तिला वळता आलं असतं. मान तिची होती. पण वळली असती तर मुलगा गेला असता, आणि ती तशीच बसून राहिली, हातात पिठाचा गोळा, मागचं सगळं शांत होईपर्यंत.

नंतर दिवा घेऊन पाहिलं. कडी जागच्या जागी. उंबरा ओला. ताट स्वच्छ.

७

सोमवारी कोर्टात साहेबांनी तिला बसायला सांगितलं. तरुण होते, नम्र. म्हणाले, घाबरू नका, इथे कोणाचा दबाव नाही. त्या संध्याकाळी तुमचा मुलगा घरी होता का?

भामाने तोंड उघडलं. तिचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"जेवला कोनतरी," ती म्हणाली. "माजा पोरगा नव्हता."

त्यांनी विचारलं, मग कोण होतं? ती म्हणाली, मी वळले नाय. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. शेवटी त्यांनी आधीचं वाक्य तेवढं लिहून घेतलं.

बाहेर काळूराम तिच्या अंगावर धावून आला. डाकीण, म्हणाला. आई नव्हेस तू. शैलेशला जीपमध्ये बसवत होते. त्याने काही आदळआपट केली नाही. खिडकीतून तिच्याकडे पाहिलं आणि साध्या आवाजात विचारलं, "आये, काय होता गं त्या दिवशी?"

"भिंग."

त्याने मान हलवली, गिऱ्हाईक भाव ऐकून हलवतं तशी. आणि समोर बघू लागला.

त्यानंतर तो बोललाच नाही. मारून झालं, समजावून झालं. रंजिता कुठे आहे हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. पोलिसांनी तिवरांत माणसं घातली, होड्या फिरवल्या, भरतीला शोधलं, ओहोटीला शोधलं. चिखलातून एक चप्पल निघाली, ती दुसऱ्याच कोणाची होती. काही दिवसांनी ते यायचे कमी झाले. सिनेमावाल्या आभाचा काळूरामला फोन आला होता म्हणे, तो भाकरीचा शॉट काढून टाकावा लागला. त्यातला खाण्याचा आवाज काही केल्या पुसला जात नाही.

भामाने शेगडी पेटवणं सोडलं. पाव आणायची, चहात बुडवून खायची. रात्री उंबऱ्याकडून ताट शोधत असल्यासारखा आवाज येई. लादीवर हात फिरतोय, असा.

८

एका संध्याकाळी गंगाबाई आली. रंजिता नाहीशी झाल्यापासून पहिल्यांदा तिने या घरात पाय टाकला. भामा शिव्या ऐकायला तयार होती, तिला त्या हव्याच होत्या. गंगाबाईने एकही दिली नाही. उन्हातान्हात पोलिसांच्या दारात बसून तिचं तोंड सुक्या बोंबलासारखं झालं होतं.

"तुजा पोरगा सांगत नाय," ती म्हणाली. "पोलीस दमले. तू कोर्टात बोललीस, कोनतरी जेवला म्हनून. त्याला विचार."

"मी बगितला नाय गं त्याला. माज्यानं वळवत नाय."

"तू नको वळू. मी बगते."

ती शेगडीजवळ भिंतीला टेकून बसली, मागच्या दाराकडे तोंड करून. भामाच्या आणि तिच्या गुडघ्यात वीतभर अंतर. भामाने परात घेतली. घरात मासळी नव्हती. गंगाबाईने पदराखालून डबा काढला. तळलेली बोय होती. ताट तिनेच मांडलं, मागच्या दाराची कडी तिनेच काढली, आणि परत येऊन बसली.

भामाने भाकरी थापली. नजर तव्यावर ठेवायची सवय, पण आज ती गंगाबाईच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडावर काहीच नव्हतं, नुसतं वाट बघणं. बाहेर भरती चढत होती. तिवरांत पाणी गुळगुळत होतं.

भाकरी फुगली. भामाने हात मागे केला.

ताट सरकलं.

गंगाबाईचे डोळे हळूच खाली आले, उंबऱ्यावर बसणाऱ्या माणसाच्या उंचीला. तिथे थांबले. तिचे ओठ उघडले. भामाला वाटलं, आता ही किंचाळेल, सगळा पाडा गोळा होईल. गंगाबाई किंचाळली नाही. भाकरी भामाच्या हातातून गेली. गार ओली बोटं लागून गेली. मागे पहिला काटा कडकन मोडला, आणि तो आवाज ऐकून गंगाबाईच्या तोंडावर जे आलं ते भामाने बाजारात अनेकदा पाहिलं होतं, मांजराचा तो विनोद सांगताना. फक्त आता डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

भामाची मान वळू लागली. या वेळी ती थांबवणार नव्हती. आता गमवायला काय उरलं होतं? खांद्याच्या कडेला एक ओली बट दिसली, चिखलाने जड झालेली, ताटावर झुकलेली, एवढंच. गंगाबाईचा हात तिच्या गालावर आला. मासळी कापून कापून खरखरीत झालेला हात. त्याने तिचं तोंड धरून परत तव्याकडे केलं, घट्ट.

"तू नको बगू," गंगाबाई कुजबुजली. "तुजी पाठच ओळखते ती. वळलीस तर जाईल."

"विचार ना मंग तिला," भामा म्हणाली.  "कुठं हाय ती, विचार."

मागे कडकड, कडकड. मग चावणं थांबलं आणि लादीवर ताट पुढे ढकललं गेलं, रिकामं.

"विचारीन," गंगाबाई म्हणाली. तिने नजर उंबऱ्यावरून काढली नाही. "आदी आनखी एक दे. उपाशी हाय माजी पोर."

भामाने पिठाचा गोळा घेतला आणि थापायला लागली.